आडवं केल्यावर

साडेनऊचा खेळ, मडगाव, बुधवार.
बाल्कनीत आम्ही नऊजण,
त्यातला एक झोपायलाच आलेला.
हिंदीत बोलणारी गोरी माणसं
थंडीतल्या एका बंगल्यात राहायला येतात
आणि माळ्यावरची खोली उघडू नका म्हटल्यावर
अर्थात उघडतात.

आत लांब टेबल. सतरा बाहुल्या.
समोर बशा, बशांत धूळ.
कॅमेरा एकेकीच्या तोंडावरून सरकत जातो
आणि पुढच्या रांगेतली पोरगी
नवऱ्याच्या दंडात नखं रुतवते.

मी मात्र बघत होतो
तिसरीचा अंगठा मागाहून चिकटवलाय,
सातवीचे केस नायलॉनचे,
आणि ती मधली, जिला सगळ्यांनी घाबरायचं,
तिच्या गालावरची भेग ब्रशने काढलेली.
खरी भेग अशी सरळ जात नाही.
खरी भेग नाकाशी अडते, विचार करते, मग वळते.

काय करणार, पात्रांव.
बत्तीस वर्षं जुन्या बाजारात
एका जिन्याखाली माझं दुकान आहे:
छत्र्या, स्टोव्ह, बाहुल्या.
बाहुल्या आता वर्षाला चार-पाच.
सध्या कुडतरीच्या ऑफेलिया बायची एक आहे,
बापाने कुवेतहून आणलेली,
बाय आता स्वतःच साठीची.
बिस्किटाच्या डब्यात माझे सुटे डोळे असतात,
निळे जास्त, तपकिरी चारच.
तपकिरी डोळ्यांची बाहुली
आमच्याकडे कुणी आणलीच नाही कधी.

मध्यंतरात समोशाच्या खिडकीवरचा बाब्लो म्हणाला,
मामा, तुम्हांला भीती नाही वाटत?
म्हटलं, आपला नरकासुर बघतोस ना,
तीन मजली, जीभ बाहेर,
पहाटे त्याला जाळून आपण पोहे खातो.
मग या प्लास्टिकचं काय.

नंतर तो प्रसंग आला.
आई बाहुलीला खाटेवर निजवते,
पांघरूण घालते, दिवा मालवते,
आणि बाहुलीचे डोळे
उघडेच राहतात.

थिएटरात किंकाळी. झोपलेला उठला.
माझ्या डोक्यात आधी आलं ते एवढंच:
आतलं शिसं सुटलंय.
डोळ्यांमागे एक वजन असतं, सुपारीएवढं.
उभं धरलं की डोळे उघडतात,
आडवं केलं की टक् करून मिटतात.
नाही मिटले, तर तार वाकलीय.
आणा दुकानात. साठ रुपये.

हसू आलं मला. आणि ते हसू
तोंडातच राहिलं.

पुंडलिकला हॉस्पिसियोत
उशी काढून आडवं केलं तेव्हा
पहाटेचे चार वाजले होते.
नर्स म्हणाली, डोळे मिटा, तुम्ही भाऊ ना.
मी मिटले. ते उघडले.
पुन्हा मिटले, अंगठा ठेवून थोडा वेळ,
सरस धरेपर्यंत ठेवतो तसा.
सोडला. उघडले.
माझ्याकडे पाहत नव्हता तो.
कुठेच पाहत नव्हता.
एवढ्या वर्षांचे सवयीचे हात,
आणि वजन कुठे असतं
ते सापडेना.

पुढचा सिनेमा मी नीट पाहिला नाही.
बंगला जळाला असावा.
एक बाहुली नेहमीप्रमाणे उरली,
म्हणजे दुसरा भाग येणार.

बाहेर रस-ऑम्लेटच्या गाड्यावर
ती पुढच्या रांगेतली नवऱ्याला सांगत होती,
मी नाही घाबरले, तुझाच हात थरथरत होता.
तो दंड चोळत पाव बुडवत होता.

घर कोंब्याला. दुकान वाटेत नव्हतं.
तरी गेलो. अर्धं शटर वर केलं.
ऑफेलिया बायची बाहुली फळीवर उभी,
परवाच तिची तार बदललीय.
दिवा न लावता तिला हातात घेतली,
हळूच आडवी केली.

टक्.

पुन्हा उभी. पुन्हा आडवी.
टक्.
समोरच्या बेकरीतली भट्टी पेटायला
अजून बराच वेळ होता.